घाटरस्त्यांवरची क्रूझर

महाराष्ट्रातले सर्वांत सरळ आणि रुंद रस्ते क्रूझर मोटारसायकलला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. नागपूरहून मुंबईच्या वेशीपर्यंत येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तो दुचाकी वगळून. वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतूवरही तीच पाटी. ज्या गाडीचा घाटच लांबलचक सरळ रस्त्यासाठी घडला, तिला इथे तसा रस्ताच मिळत नाही. तरीही जुन्या वळणाच्या, जड अंगाच्या या गाड्या आज पुण्यापासून सावंतवाडीपर्यंत जागोजागी दिसतात. मला याचं कारण त्या गाडीच्या अमेरिकी दिमाखात सापडत नाही. ताशी साठ ते ऐंशीच्या वेगात ती समाधानी असते, आणि आपले राज्यमार्ग, घाट, कोकणातले लाल मातीचे फाटे याच वेगाचे आहेत. गाडी घेताना, सजवताना आणि लांब काढताना हे एवढं ध्यानात असलं तर ती वर्षानुवर्षं घरात राहते. नसलं तर दोन-तीन वर्षांत विकायला निघते.

क्रूझर आणि रेट्रो हे शब्द आपल्याकडे एका दमात उच्चारले जातात, पण ती दोन घराणी आहेत. क्रूझर अमेरिकेची. लांब व्हीलबेस, जमिनीलगत सीट, पुढे सरकवलेले पाय, रायडरकडे वळलेलं रुंद हँडल, पुढे रुंद नि मागे निमुळती टाकी, आणि कमी फेऱ्यांतच भरपूर जोर देणारं इंजिन. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या कंपन्यांनी ही ठेवण रूढ केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या तरुणांनी मडगार्ड कापून, नको तो पत्रा काढून टाकून ‘बॉबर’ बनवले. पुढे चिमटा लांबवून ‘चॉपर’ बनवले, आणि १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने ते जगभर पोहोचवले. रेट्रोचं दुसरं घराणं ब्रिटिश: ताठ बसायचं, एकच मोठं सिलिंडर, गोल हेडलाइट, साधा सांगाडा. त्यातली रॉयल एनफिल्ड १९५५ मध्ये मद्रासला आली, लष्करासाठी बुलेट जोडू लागली, आणि १९७० च्या सुमारास इंग्लंडमधली मूळ कंपनी संपल्यावरही मद्रासची बुलेट चालूच राहिली. तिसरी धार चेकोस्लोव्हाकियाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकापासून जावा आणि मग येझदी तयार झाल्या, १९९६ पर्यंत. आजच्या भारतीय रेट्रो क्रूझरमध्ये ही तिन्ही रक्तं मिसळलेली आहेत.

या मिसळणीतला पुण्याचा वाटा फारसा कुणी सांगत नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. २००१ मध्ये बजाजने कावासाकीच्या जोडीने ‘एलिमिनेटर’ आणली. १७५ सीसीचं जपानी इंजिन, मऊ चाल, खोल सीट. गाडी देखणी होती, पण तेव्हाच्या शंभर सीसीच्या बाजारात किंमत फार. फार थोड्यांनी ती घेतली. २००५ मध्ये बजाजने तीच ठेवण कायम ठेवून आत स्वतःच्या पल्सरचं १८० सीसीचं इंजिन बसवलं आणि ‘ॲव्हेंजर’ जन्मली. ‘फील लाइक गॉड’ ही तिची जाहिरात आजही अनेकांना आठवत असेल. पुढे तिच्यात २०० आणि २२० सीसीची इंजिनं आली. या गाडीला क्रूझरच्या दुनियेत जितका मान मिळायला हवा होता तितका मिळाला नाही, असं माझं ठाम मत आहे. पल्सरचंच इंजिन असल्याने कुठल्याही तालुक्याच्या गावचा फिटर ती उघडून दुरुस्त करू शकत होता. वजनाला बुलेटपेक्षा कितीतरी हलकी, सीट ७३७ मिलिमीटरवर. मध्यमवर्गीय नोकरदाराला शनिवारी सकाळी महाबळेश्वरला आणि सोमवारी त्याच गाडीने कंपनीत जाता येईल, ही सोय आधी ॲव्हेंजरने दिली. रॉयल एनफिल्डची ‘थंडरबर्ड’ २००२ पासून बाजारात होती, पण तिला बुलेटची सगळी देखभाल लागायची.

बाकीचा पट भराभर उलगडतो. २००९ मध्ये रॉयल एनफिल्डची ‘क्लासिक’ भारतात आली आणि जुनं रूप हेच विकण्याचं कारण होऊ शकतं हे सिद्ध झालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महिंद्रा समूहाच्या पाठबळावर जावा परतली, २०२२ मध्ये येझदी. २०२० च्या शेवटी होंडाची ‘हाइनेस सीबी३५०’ आणि रॉयल एनफिल्डची ‘मीटिऑर ३५०’ काही आठवड्यांच्या अंतराने आल्या. २०२३ मध्ये ६४८ सीसीची जुळ्या सिलिंडरची ‘सुपर मीटिऑर’ आणि हिरोसोबत बनवलेली हार्लेची ‘एक्स ४४०’. यातल्या सगळ्या क्रूझर नव्हेत. हाइनेस आणि एक्स ४४० वर माणूस ताठ बसतो, पाय खाली असतात. त्या रेट्रो रोडस्टर. मीटिऑर, सुपर मीटिऑर, ॲव्हेंजर, कावासाकीची व्हल्कन एस या बैठकीनेही क्रूझर. शोरूममध्ये हा फरक झाकला जातो, आणि तीनशे किलोमीटर चालवल्यावर पाठीला कळतो.

यातल्या इतक्या गाड्या ३४८-३४९ सीसीच्याच का, याचं उत्तर बव्हंशी करात आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून ३५० सीसीवरच्या मोटारसायकलींना २८ टक्क्यांवर ३ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती रेघ दरीच झाली: ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्यावर सरसकट ४० टक्के. त्यामुळे आज साडेतीनशेची क्रूझर घेणं आणि साडेसहाशेची घेणं हे दोन निराळ्या ऐपतीचे निर्णय आहेत. ज्याला बहुतेक वेळ एकट्याने, राज्याच्या आतच फिरायचं आहे, त्याने साडेतीनशेवर समाधान मानावं असं मी कुणालाही निःसंकोच सांगेन. साडेसहाशेचा जास्तीचा जोर जिथे वापरता येईल ते बरेचसे रस्ते आपल्याला बंदच आहेत. बायको किंवा मित्र मागे, दोन्ही बाजूंना सामान आणि वर्षातून एकदा राजस्थान किंवा लडाख असा बेत असेल, तर मात्र जुळ्या सिलिंडरची गाडी पैसे वसूल करते.

मीटिऑरचे आकडे पाहिले तर या वर्गाचा स्वभाव कळतो. ३४९ सीसीचं हवा आणि तेलावर थंड होणारं इंजिन, जेमतेम २० अश्वशक्ती, पण २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क आणि तोही ४,००० फेऱ्यांवर. वजन १९१ किलो, टाकी १५ लिटर. ॲव्हरेज लिटरमागे पस्तीसच्या आसपास धरलं तर एका टाकीत साडेचारशे किलोमीटरहून जास्त जाता येतं. चढावर गिअर न पाडता गाडी कुरकुर न करता चढते, हे या टॉर्कचं देणं. नव्वदच्या पुढे मात्र ताकद संपत आल्याचं जाणवतं. या इंजिनात कंपन शोषणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे जुन्या कास्ट आयर्न बुलेटसारख्या मुठी झिणझिणत नाहीत. काही जुन्या बुलेटवाल्यांना त्या थरथरीवाचून चैन पडत नाही. त्यांचं प्रेम मला समजतं, पण लांबच्या प्रवासाला नवं इंजिन निर्विवाद चांगलं.

सीट खाली असण्याचा एक मोठा फायदा असा, की बुटक्या माणसांना आणि अनेक स्त्रियांना जड गाडी पहिल्यांदा आवाक्यात आली. मीटिऑरची सीट ७६५ मिलिमीटरवर, सुपर मीटिऑरची ७४० वर. क्लासिकची ८०५ वर. दोन्ही तळवे जमिनीवर टेकले की दोनशे किलोची धास्ती अर्धी होते. २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने ‘द बायकर्नी’ ही बाइक चालवणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी राहिली आणि देशभर पसरली. आज घाटात एकटी, सामान बांधून निघालेली बाई दिसली तर कुणी थांबून पाहत नाही, यामागे अशा संघटनांनी केलेलं काम आहे. गाडी खालची असली तरी वजन मात्र जात नाही. उतारावर तोंड करून लावलेली क्रूझर मागे ओढणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम आहे. ती नेहमी चढाकडे तोंड करून लावावी.

आता सजावटीकडे येतो. हा या छंदाचा सर्वांत रंगीत भाग आणि सर्वांत जास्त फसवणारा.

भारतात कस्टम गाड्या बनवणाऱ्यांनी फार चांगलं काम केलं आहे. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने बुलेटच्या सांगाड्यावर भव्य चॉपर उभे करून दाखवले, जयपूरच्या ‘राजपुताना कस्टम्स’ने तशाच देखण्या गाड्या घडवल्या. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती पाहून आपापल्या गाडीला हात घालणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी निर्मात्याने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग बदलायचा असेल तर आरटीओला कळवून आरसीमध्ये नोंद करून घ्यावी लागते. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला फेरफार आढळला तर दावा अडतो, आणि तो नेमका गरजेच्या वेळी अडतो.

सर्वांत मोठा रोग सायलेन्सरचा. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले ‘फटाका’ सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवल्याची छायाचित्रं आपण पाहिली आहेत. मी पोलिसांच्या बाजूने आहे. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला कारखान्यातून निघतानाची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि ती इस्पितळं, शाळा, म्हातारी माणसं यांच्यासाठी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी यांत्रिक कारणं पुरेशी आहेत. एप्रिल २०२० पासूनच्या या वर्गातल्या बीएस-६ गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. एक्झॉस्टमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरातलं प्रमाण मोजतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. मोकळा सायलेन्सर लावला की हे गणित बिघडतं. मिश्रण विरळ होतं, इंजिन जास्त तापतं, थ्रॉटल सोडल्यावर मागे धडधड फुटतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल तर पीयूसीची पंचाईत वेगळीच. बुलेटची ती डुगडुग मुळात लांब स्ट्रोकच्या, संथ फिरणाऱ्या एका सिलिंडरच्या लयीतून येते. भोक मोठं करून ती सापडत नाही, फक्त गोंगाट वाढतो.

हँडलचंही तसंच. खांद्याच्या वर जाणारं ‘एप हँगर’ हँडल छायाचित्रात उत्तम दिसतं. प्रत्यक्षात क्लच केबल आणि ब्रेक होज कमी पडतात, त्या ताणून बसवल्या तर वळवताना ओढ बसते, आणि तासाभराने हातांना मुंग्या येतात. मागचं चाक फार जाड केलं की गाडी वळायला जड होते आणि चेन टायरला घासू लागते. मागचं मडगार्ड कापणं तर आपल्या पावसात शुद्ध चूक: चिखल थेट पाठीवर. त्यात साडीगार्ड काढून टाकला की केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाचा भंग होतो. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे असा तो नियम आहे. ओढणी किंवा पदर चाकात अडकून झालेले अपघात ज्याने पाहिले असतील, त्याला तो नियम जाचक वाटणार नाही.

मग करायचं काय? माझा कौल असा, की अंगाला जे भिडतं ते बदलावं आणि इंजिनाला हात लावू नये. सीट पहिली. कंपनीची सीट दिसायला गुबगुबीत असते, पण दीडशे किलोमीटरनंतर तिचा फोम बसतो आणि माकडहाड थेट पत्र्यावर आल्यासारखं वाटतं. चांगल्या सीटवाल्याकडून घट्ट फोम भरून घेतला तर थोड्या खर्चात गाडी नवी होते. मग मागे बसणाऱ्यासाठी बॅकरेस्ट, पुढे विंडशील्ड, लेग गार्ड, सॅडल बॅगा टांगायला चौकट. हँडल थोडं जवळ आणणारे रायझर, केबल न ताणता बसतील इतपतच. जादा दिवे लावायचे तर आधी गाडीचा आल्टरनेटर किती वीज देतो ते पाहावं, रिलेवरून वेगळी वायर ओढावी, आणि समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा झोत खाली ठेवावा.

कंपन्यांनीही ही हौस ओळखली आहे. जावाने ‘पेराक’ हा तयार बॉबर आणला, रॉयल एनफिल्डने ‘शॉटगन ६५०’ मध्ये मागची सीट काढ-घाल करता येईल अशी दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या ‘मोटोव्हर्स’ मेळ्यात ‘गोवन क्लासिक ३५०’ आली: उंच हँडल, पांढऱ्या काठाचे टायर, एकटी सीट, आणि स्पोक असूनही ट्यूबलेस चाकं. ही शेवटची गोष्ट मला सजावटीहून मोलाची वाटते. स्पोकच्या चाकात ट्यूब असली की पंक्चर म्हणजे चाक खोलणं आलं. संध्याकाळी सातनंतर कुंभार्ली घाटात ते करायची वेळ आली की सौंदर्याचा विचार मागे पडतो. कारखान्यातूनच मंजुरी मिळालेली, आरसीत जशी आहे तशी असलेली ही कस्टम गाडी कायदा आणि हौस यांच्यातला मला सापडलेला सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

प्रवासात क्रूझर पहिल्यांदा फसवते ती पाठीला. स्पोर्ट्स किंवा ॲडव्हेंचर गाडीवर खड्डा दिसला की पायांवर जोर देऊन किंचित उठता येतं. क्रूझरवर पाय पुढे असतात, उठता येत नाही, आणि सीट खाली आणताना मागच्या शॉक ॲब्सॉर्बरची हालचालही आखूड झालेली असते. प्रत्येक खड्डा मणक्यातून वर जातो. म्हणून या गाडीवर दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर पुरे. दर दीड तासाने उतरावं, चालावं, पाणी प्यावं. विंडशील्ड फार उंच असेल तर तिच्या काठावरून येणारा वारा हेल्मेटवर आपटत राहतो. काठ नाकाच्या रेषेत यावा आणि नजर त्यावरून जावी. सामान जितकं खाली आणि जितकं पुढे बांधाल तितकं बरं. मागच्या कॅरिअरवर उंच रचलेलं ओझं वळणात गाडी बाहेर ओढतं.

घाटात दुसरा धडा. क्रूझर फार झुकत नाही; वेग जास्त झाला की फूटपेगचं टोक रस्त्याला घासून इशारा देतं. हेअरपिन वळणात आधीच वेग कमी करून, योग्य गिअर पाडून, वळणाच्या मध्यापासून हलकं थ्रॉटल देत बाहेर पडावं. उतरताना न्यूट्रल नको, इंजिनाचा ब्रेक वापरावा. ब्रेक तापत नाहीत. असं चालवलं तर आंबोली, आंबा किंवा ताम्हिणी हे घाट या गाडीला अतिशय मानवतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली तिची चाल आणि घाटाची चढण एकमेकांना धरून असतात. पावसाळ्यात वरंध्यासारखे घाट अनेकदा बंद असतात, निघण्याआधी चौकशी करावी. ताम्हिणीत जुलैमध्ये धबधब्यांपाशी थांबलेल्या गर्दीतून जड गाडी काढणं कष्टाचं काम आहे. तिथे पहाटेच पोहोचावं. सुपर मीटिऑरचा ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिलिमीटर आहे, त्यामुळे गावोगावच्या बेढब गतिरोधकांवर ती पोट घासते. मीटिऑरला १७० आहे, ती सुटते. देखभालीत दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून वंगण देणं एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं. कोकणातून परतल्यावर खारी हवा क्रोमवर बसते, तेव्हा गोड्या पाण्याने धुऊन पुसणं त्याच दिवशी व्हायला हवं.

या सगळ्यातून एखादाच रस्ता निवडायचा झाला तर मी रेवस ते रेडी हा किनाऱ्याचा मार्ग निवडीन. इथे सत्तरच्या वर वेग जातच नाही आणि जायची गरजही नाही. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडायच्या. बोटीवर चढताना उताराच्या ओल्या काँक्रीटवर पुढचा ब्रेक दाबू नये, पहिल्या गिअरमध्ये सरळ जावं, आणि बोटीवर गाडी साइड स्टँडवर, गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभं राहावं. आता यातल्या काही खाड्यांवर मोठे पूल बांधले जात आहेत. गावांची वर्षानुवर्षांची गैरसोय त्यांनी संपेल, ते हवेतच. पण हा मार्ग रुंद झाल्यावर तोही दुचाकीला बंद करण्याचा विचार कुणाच्या मनात येऊ नये. देशातल्या रस्ते-अपघातांत २०२२ मध्ये दगावलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवरचे होते, त्यामुळे द्रुतगती मार्गावरच्या बंदीमागची काळजी खोटी नाही. जपानने मात्र १२५ सीसीवरच्या मोटारसायकलींना द्रुतगती मार्ग खुले ठेवले आहेत, आणि २००५ पासून तिथे मागे माणूस बसवूनही जाता येतं. आपल्याकडे सरसकट बंदीऐवजी इंजिनाची क्षमता, एबीएस आणि वेगाची किमान मर्यादा यांवर आधारित परवानगीची चर्चासुद्धा नीट सुरू झालेली नाही. किनाऱ्यावरच्या पुलांचे नियम ठरण्याआधी, रायडर्सच्या संघटनांनी ती आताच सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दारात नेली पाहिजे.